दुःख आवरून कागद शोधताना...

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझे मोठे दीर अचानक गेले. वय अवघं चोपन्न. सकाळी छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलं आणि दुपारी सगळं संपलं. चांदिवलीचं त्यांचं घर आमच्या पवईच्या घरापासून दहा मिनिटांवर. त्या घरात मागे राहिल्या माझ्या जाऊबाई, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली पुतणी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माझ्या सासूबाई.

तिसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. आतल्या खोलीत बायकांची कुजबुज चालली होती. मंगळसूत्र कधी उतरवायचं, बांगड्या कोणी काढायच्या, कुंकू लावायचं की नाही. चांगली तासभर चर्चा झाली! त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि सरकारनेही तो बाकीच्या गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला होता. ते मी तिथे सांगून पाहिलं. "ते गावाकडं ठीक आहे हो," असं उत्तर मिळालं. पण मला खरं नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. बांगड्यांची चिंता सगळ्यांना होती. बँकेचं पासबुक कुठे आहे, घराचा हप्ता कसा जातो, हे त्या तासाभरात एकीनेही विचारलं नाही.

मी मंडळाचं आणि बचत गटाचं काम गेली बरीच वर्षं करते. फुलेनगर, तिरंदाज, आयआयटी गेटसमोरच्या वस्त्या, सगळीकडे माझं जाणं-येणं. दुसऱ्यांचे अर्ज भरून द्यायची मला सवय. पण स्वतःच्या घरात वेळ आली तेव्हा कळलं की आपल्यालाही किती कमी माहीत असतं. त्या आठ महिन्यांत जे शिकले ते मैत्रिणींनो, आज तुमच्यापुढे मांडते आहे. विषय अशुभ वाटेल. पण वाचा. आणि वाचून झाल्यावर घरातलं कपाट एकदा उघडा.

पहिला कागद, पहिली चूक

दिरांना सगळं जग 'बापू' म्हणायचं. दवाखान्यातला फॉर्म भरायला घाईघाईत एक भाचा उभा राहिला आणि त्याने नावाच्या जागी 'बापू' लिहून टाकलं. आधार कार्डावर नाव वेगळं, पॅन कार्डावर वेगळं. मृत्यूचा दाखला हातात आला तेव्हा लक्षात आलं की या नावाचा माणूस तर कुठल्याच कागदावर नाही! दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, आधार-पॅनच्या प्रती, दवाखान्याचं पत्र आणि वॉर्ड ऑफिसच्या चार खेपा झाल्या. सही करताना दोन मिनिटं डोळे पुसून फॉर्म वाचला असता तर हा महिना वाचला असता.

म्हणून पहिली गोष्ट. दवाखान्यात किंवा स्मशानात जो फॉर्म भरला जातो त्यावर आधार कार्डाप्रमाणे पूर्ण नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि पत्ता आहे ना, हे घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसाने पाहायचं. मृत्यू दवाखान्यात झाला तर नोंद कळवायचं काम दवाखान्याचं असतं. घरी झाला तर घरच्यांचं. नेहमीच्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा असतो आणि तो स्मशानात लागतोच. आजारी म्हातारं माणूस घरात असेल तर उपचाराचे कागद एका जागी ठेवा. रात्री-अपरात्री अनोळखी डॉक्टर कागद पाहिल्याशिवाय सही करत नाहीत, आणि त्यांचंही चुकत नाही.

नोंदीची मुदत २१ दिवसांची आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तशी तरतूद आहे. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. महिना उलटला की अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. पूर्वी हा आदेश प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी करतात. गावात ग्रामपंचायत, शहरात नगरपालिका, आमच्याकडे महापालिकेचं वॉर्ड ऑफिस. दाखल्याच्या सात-आठ मूळ प्रती एकदमच घ्या. प्रत्येक कचेरी एक ठेवून घेते किंवा मूळ प्रत पाहायला मागते.

"पिन माहीत आहे, काढून घेऊ या"

पाचव्या दिवशी एका नातेवाइकांनी हळूच सुचवलं, "एटीएम कार्ड आहे ना? पिन पोरीला ठाऊक असेल. बँकेला कळायच्या आत काढून घ्या." सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता. कितीतरी घरांत असंच होतं. पण खातेदार गेल्यावर त्याच्या कार्डाने पैसे काढणं नियमात बसत नाही. उद्या दुसऱ्या वारसाने हिशेब मागितला तर ती बाई चोर ठरते. आम्ही ते केलं नाही. घरखर्चासाठी महिनाभर माझ्या यजमानांनी पैसे दिले आणि ते वहीत लिहून ठेवले.

खातं दोघांच्या नावाने 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे 'दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहिलेला' असं असेल तर मागे राहिलेल्याला फारसा त्रास होत नाही. बापूंचं खातं एकट्याचं होतं. नॉमिनी असला की बँकेने वारस दाखला मागत बसू नये, कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असं रिझर्व्ह बँकेने २००५ सालीच सांगून ठेवलेलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याचे नवे, अधिक स्पष्ट नियम काढले आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ते अमलात आणायला बँकांना सांगितलं. १५ दिवसांची मुदत त्यातही आहे आणि बँकेमुळे उशीर झाला तर भरपाईही द्यावी लागते. नॉमिनी नसेल तरी व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतच्या रकमेसाठी सोपी पद्धत घालून दिली आहे, अर्थात वारसांत तंटा नसेल तर. आम्हाला एका बँकेत "कोर्टातून दाखला आणा" असं तोंडी सांगण्यात आलं. मी म्हटलं, "साहेब, लेखी द्या." दुसऱ्या दिवशी कागद घेतले गेले! मैत्रिणींनो, 'लेखी द्या' हे दोन शब्द फार उपयोगी आहेत. आवाज चढवायची गरजच पडत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक का?

आता खरी अडचण आली. बापूंची एक जुनी मुदत ठेव होती. लग्नाआधी उघडलेली, दर वेळी तशीच पुढे चालू ठेवलेली. रक्कम चांगली मोठी. तिच्यावर नॉमिनी होत्या सासूबाई. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण नाव बदलायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. घर मात्र जाऊबाईंच्या नावाने नॉमिनेट केलेलं. लगेच घरात दोन तट पडायला लागले. मावससासरे म्हणाले, "ठेव आईची. नाव आहे ना!" जाऊबाईंचे भाऊ म्हणाले, "मग घर आमच्या बहिणीचं एकटीचं." आणि त्या दोघी, सासू आणि सून, एकमेकींकडे न बघता एका खोलीत बसलेल्या. पंचवीस वर्षं एका ताटात जेवलेल्या बायका!

आमच्या मंडळाला मदत करणाऱ्या वकीलबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "दोन्ही बाजू चूक आहेत. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त असतो. मालकी ठरते ती मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने." सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८३ साली, सरबती देवींच्या खटल्यात, हेच म्हटलं होतं. आणि आता तर आपल्या सगळ्यांच्या भिंतीवर जे कॅलेंडर टांगलेलं असतं त्या 'कालनिर्णय'च्या संस्थापकांच्या, जयंतराव साळगावकरांच्या घरचाच निकाल आपल्यासमोर आहे. जयंतराव २०१३ साली गेले. त्यांनी मृत्युपत्र केलेलं होतं. त्यांच्या काही गुंतवणुकींवर नॉमिनींची नावं होती. नॉमिनीच मालक की मृत्युपत्र आणि वारसा कायदा मोठा, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला. कंपनी कायद्याखालच्या नॉमिनेशननेही वारसा कायदा बाजूला पडत नाही, असा. जाण्यापासून निकालापर्यंत दहा वर्षं! ज्यांच्या घरी कागद नीट होते, सल्लागार होते, तिथे ही गत. मग आपल्यासारख्यांचं काय?

आमच्या घरी मृत्युपत्र नव्हतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाच्या पहिल्या फळीच्या वारसांत बायको, मुलगे, मुली आणि आई येतात. म्हणजे बापूंच्या स्वतःच्या कमाईत जाऊबाई, पुतणी आणि सासूबाई यांचा प्रत्येकी एक तृतीयांश वाटा. ठेवीतही आणि घरातही. सख्खा भाऊ म्हणून माझ्या यजमानांचा काहीच नाही. मुलाच्या मिळकतीत आईचा वाटा असतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं. आणि सोसायटीत नॉमिनीला तूर्त तात्पुरता सभासद करून घेतात, वारस ठरेपर्यंत. सहकार कायद्यात २०१९ साली तशी स्पष्ट तरतूद आली आहे.

सासूबाई काय म्हणाल्या

हे सगळं मी घरी येऊन सांगितलं तेव्हा मावससासरे म्हणाले, "मग वहिनी, हक्कसोडपत्रावर आत्ताच सह्या करून टाका. तेरावं आहे, सगळे जमलेत, विषय मिटेल."

आमच्या सासूबाई एरवी चार माणसांत बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. "मी एकदा तेराव्याला सही केली आहे. आता नाही करायची."

मग त्यांनी जे सांगितलं ते आम्हा सुनांना एवढ्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. १९८४ साली सासरे गेले. सासूबाई चाळिशीच्या, बापू सोळा वर्षांचे, माझे यजमान बारा. तेराव्या दिवशी गावच्या घरात दिरांनी कागद पुढे केला. "सरकारी काम आहे, पोरांची नावं लावायची आहेत," म्हणाले. त्यांना वाचता येत होतं. पण डोक्यावर पदर, समोर मोठी माणसं, वाचायला कागद हातात घेणार कसा? सही केली. पुढे कळलं की विहिरीकाठची अडीच एकर जमीन त्या सहीने गेली. "कागद वाचायला मागितला असता तर उद्धट म्हणाले असते. एवढंच ना? म्हणू दे की!" असं म्हणून त्या थांबल्या. खोलीत कोणी बोलेना.

मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "तुझं मी काही घेणार नाही. पण तूही न वाचता सही करू नकोस. माझ्यासाठीसुद्धा नको."

पुढे सगळं सावकाश झालं. ठेवीचे पैसे नॉमिनी म्हणून सासूबाईंच्या खात्यात आले. दोन वाटे त्यांनी चेकने सुनेला आणि नातीला दिले. तिसराही द्यायला निघाल्या होत्या, पण जाऊबाईंनीच ऐकलं नाही. "आई, तुमच्या औषधपाण्याला तुमचे पैसे तुमच्याकडे असू द्या. माझ्यापुढे हात पसरायची वेळ नको." त्या ठेवीवर आता नॉमिनी नात आहे. आणि सासूबाईंनी आपल्या इच्छेचं मृत्युपत्रही करून ठेवलं. घराचं हक्कसोडपत्र सहा महिन्यांनी केलं. वकीलबाईंनी मराठीत मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा प्रश्न विचारले आणि मग दुय्यम निबंधकांकडे जाऊन नोंदणी केली.

बहिणींना आणि लेकींना यात एक सांगणं आहे. वडील गेल्यावर "भावाला सही देऊन टाक" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. द्यायची तर आनंदाने द्या. पण वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिलेला आहे, आणि त्यासाठी वडील त्या तारखेला हयात असायलाच हवे होते असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं आहे. आपण काय सोडतो आहोत ते माहीत असलं पाहिजे. सुतकात कुठलाही कागद सही करण्याजोगा नसतो, एवढं लक्षात ठेवा.

पासबुकातले ४३६ रुपये

फुलेनगरमधल्या आमच्या गटातल्या एका बाईचा नवरा रिक्षा चालवायचा. तो गेल्यावर ती माझ्याकडे आली ती मुलांच्या फीची मदत मागायला. मी पासबुक मागितलं. मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये वजा झालेले दिसले. ती म्हणाली, "बँकवाले काहीतरी कापतात." ते 'काहीतरी' म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता होता! कुठल्याही कारणाने मृत्यू आला तरी दोन लाख रुपये वारसाला मिळतात. २० रुपये वजा झालेले दिसले तर तो अपघात विमा. दावा बँकेच्या त्याच शाखेत करायचा असतो आणि शक्यतो महिनाभरात. तिला ते दोन लाख मिळाले. पासबुक कोणी उघडून पाहिलंच नसतं तर?

म्हणून मागच्या दोन-तीन वर्षांचं पासबुक ओळन् ओळ वाचा. विम्याचे हप्ते, पतपेढी, भिशी, कर्ज, सगळं त्यात सापडतं. नोकरी असेल तर मालकाकडे जाऊन भविष्य निर्वाह निधी, त्याला जोडलेला विमा आणि विधवेचं निवृत्तिवेतन या तिन्ही गोष्टी विचारा. तो विमा जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत असतो, आणि पुष्कळ बायका फक्त फंड घेऊन घरी येतात. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपये मिळतात. निराधार विधवांसाठी संजय गांधी योजना आहे. दोन्हींसाठी तहसील कचेरी गाठायची.

कर्जाचं म्हणाल तर वसुलीवाल्यांच्या धमकीला घाबरू नका. नवऱ्याच्या कर्जाची जबाबदारी वारसावर येते ती त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. मात्र तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर गोष्ट वेगळी. गृहकर्जाला विमा जोडलेला आहे का, हे आधी तपासा.

गावाकडे जमीन असेल तर तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत वारसाची वर्दी द्या. सातबारावर वर्षानुवर्षं मेलेल्यांचीच नावं राहतात म्हणून तर सरकारला २०२५ साली 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली. त्यात बायकोचं आणि लेकींचं नाव लागलं की नाही, हे स्वतः उतारा काढून बघा.

कोणाकोणाला कळवायचं?

जाऊबाईंनी एक दोनशे पानी वही केली होती. कुठे गेलो, कोणत्या टेबलावर कोणाला भेटलो, काय दिलं, पोच मिळाली का, सगळं त्यात. त्या वहीवरून ही यादी देते. कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा.

* गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर लगेच बंद करू नका. सहा-आठ महिने चालू ठेवा, कारण सगळे ओटीपी त्यावरच येतात.
* बँका, पोस्ट, पतपेढी, विमा, नोकरीचं ठिकाण यांना पहिल्या महिन्यात लेखी कळवा. निवृत्तिवेतन घेणारी व्यक्ती असेल तर लगेच. नंतर जमा झालेलं निवृत्तिवेतन परत करावं लागतं.
* गाडी, रिक्षा, स्कूटर असेल तर आरटीओला ३० दिवसांत कळवायचं आणि नावावर करून घ्यायचा अर्ज तीन महिन्यांत, फॉर्म ३१ वर.
* गॅस, वीजबिल, रेशनकार्ड यांवरची नावं बदलून घ्या.
* मतदार यादीतून नाव काढायला फॉर्म ७.
* आधारच्या संकेतस्थळावर २०२५ पासून घरातल्या व्यक्तीचा मृत्यू कळवायची सोय आहे. बँकेची आणि विम्याची कामं उरकल्यावर ते करा.
* पॅन कार्ड शेवटी. त्या वर्षाचं आयकर विवरणपत्र वारसाने भरायचं असतं.
* मूळ कागद कुठेही सोडू नका. दाखवा, प्रत द्या आणि पोच घ्या.

आणि एक काम जिवंतपणी करायचं. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. जुन्या खात्यांवर, ठेवींवर, पॉलिसींवर कोणाचं नाव आहे ते बघा. लग्नाआधीची नावं तशीच राहिलेली असतात. कोणी जुनं खातं विसरून गेलं असेल आणि दहा वर्षं त्याला हात लागला नसेल तर ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. पण बुडत नाहीत, वारसाला मागता येतात. रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' संकेतस्थळावर त्यांचा शोध घेता येतो.

मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक जण म्हणाली, "आमच्या ह्यांना असलं विचारलं तर म्हणतील, माझ्या मरणाची वाट बघतेस का?" सगळ्या हसल्या. मग जाऊबाई उठल्या. त्या पहिल्यांदाच आमच्या बैठकीला आल्या होत्या. म्हणाल्या, "मी पंचवीस वर्षं विचारलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून. ते गेल्यावर आठ महिने मी त्यांच्यावर चिडत होते. कुठे काय ठेवलंय म्हणून! नीट रडायलासुद्धा मला फुरसत मिळाली नाही. तुम्ही विचारा."

गेल्या संक्रांतीला आमच्या हळदीकुंकवात वाण म्हणून आम्ही एकेक फाइल दिली. प्लास्टिकची, आठ कप्प्यांची, साधीच. जाऊबाईंनाही कुंकू लावलं आणि फाइल दिली. सासूबाईंनी आपली फाइल मागून घेतली.